२०० जीबी मोकळे, तरी जागा नाही?

‘डिस्कवर २०० जीबी मोकळे आहेत, म्हणजे “नो स्पेस लेफ्ट” हा संदेशच चुकीचा. उबुंटू पुसून नव्याने टाक.’ लिनक्सचं अपडेट अडकलं की हा सल्ला हमखास मिळतो, आणि दर वेळी डोकं फिरतं.

संदेश खरा असतो. फक्त तो कुठल्या जागेबद्दल आहे हे कुणी पाहत नाही. ‘डीएफ -एच’ ही आज्ञा द्या आणि ‘बूट’ची ओळ वाचा. बहुतेकदा तिथे शंभर टक्के दिसतं. इन्स्टॉल करताना एन्क्रिप्शन निवडलं असेल तर उबुंटू बूटसाठी वेगळं, बिनकुलपाचं पार्टिशन करतं, कारण मुख्य डिस्क उघडण्याआधीच ग्रब या बूटलोडरला कर्नल वाचायचा असतो. जुन्या मशीनवर हे पार्टिशन जेमतेम काहीशे एमबीचं असतं. घर ऐसपैस असलं म्हणून भिंतीतली देवळी मोठी होत नाही.

प्रत्येक नव्या कर्नलसोबत तिथे बूटच्या सुरुवातीला लागणारी इनिटरॅमएफएस फाइल येते आणि खरी जागा तीच खाते. शिवाय ती नव्याने बनताना जुनी लगेच पुसली जात नाही. आधी ‘.न्यू’ नावाची प्रत तयार होते, मग अदलाबदल. त्यामुळे नवा कर्नल नसलेल्या अपडेटलाही बूटमध्ये मोकळी जागा लागते.

यावर दुसरे शहाणे सांगतात, ‘बूटमधल्या जुन्या फाइली आरएमने उडव.’ अहो, पॅकेजच्या नोंदीत तो कर्नल तसाच राहतो, आणि चालू कर्नलची फाइल उडाली तर पुढच्या बूटला रडायची वेळ! आधी ‘युनेम -आर’ने चालू कर्नल पाहा, मग ‘एपीटी ऑटोरिमूव्ह’ चालवा. ते चालू कर्नलला हात लावत नाही. फेडोराचं डीएनएफ तर मुळातच तीन कर्नल ठेवतं. ‘डीएनएफ.कॉन्फ’च्या मॅन पेजवर ‘इन्स्टॉलओन्ली_लिमिट’ पाहा. मागचा एक कर्नल मात्र राहू द्या. नवा उठला नाही, तर ग्रबच्या यादीतून त्याच्यावरच मशीन सुरू करता येतं.

असेच आणखी तीन सल्ले ऐकू येतात.

‘एपीटी क्लीनने सगळं मोकळं होतं’: ते ‘व्हार’मधली उतरवलेली पॅकेजेस पुसतं. बूट वेगळं असेल तर तिथे काहीच फरक पडत नाही.

‘जीबी शिल्लक म्हणजे जागा शिल्लक’: लहान फाइलींचा ढीग झाला तर आयनोड, म्हणजे फाइलींच्या नोंदींच्या जागा, आधी संपू शकतात. ‘डीएफ -आय’ पाहा.

‘अपडेट अर्धवट राहिलं, रीस्टार्ट कर’: नको. आधी जागा करा, मग ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’.