सोबत्याने पाळायच्या मर्यादा

मानसिक आजारातून सावरलेली व्यक्ती त्याच त्रासातल्या दुसऱ्याला आधार देते, ती पीअर सपोर्ट वर्कर. हा सोबती डॉक्टर नव्हे. ‘मला या गोळीने झोप लागली, तूही घे’ असं त्याने कधीच सांगू नये. उसनवारी, महागड्या भेटी, प्रेमसंबंध टाळावेत. स्वतःचा अनुभव सांगावा, पण समोरच्याच्या उपयोगाचा तेवढाच. ऐकलेलं त्याच्या घरच्यांनाही परस्पर सांगू नये. मात्र जीव धोक्यात असेल तर गुप्तता बाजूला ठेवून मदत बोलवावीच. हे पहिल्याच भेटीत स्पष्ट करावं. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातही गोपनीयतेच्या हक्काला असा अपवाद आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो. प्रत्येक सोबत्याने तो जवळ ठेवावा.