डेक्कन क्वीनचा पासधारक कुठे पोहोचतो?

सकाळी सव्वासातला पुण्याहून सुटणाऱ्या डेक्कन क्वीनच्या पासाच्या डब्यात एक काका भेटायचे. फोर्टातल्या बँकेत नोकरी, खिडकीची जागा ठरलेली. एकदा लोणावळा मागे पडल्यावर त्यांनी पिशवीतून मुलीचं नववीचं विज्ञानाचं पुस्तक काढलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "हे बघा. माणूस निघाला तिथेच परत आला, तर त्याचं विस्थापन शून्य. म्हणजे आम्ही रोज जातो-येतो ते...?"

"शून्य," मी म्हणालो. समोर रमी खेळणारी मंडळी हसली. काका काही हसले नाहीत.

त्यांचं वाईट वाटणं मला कळलं, कारण दुसऱ्या बाजूचा हिशेब फारच घसघशीत आहे. पुणे ते सीएसएमटी रेल्वेचं अंतर १९२ किलोमीटर. येऊन-जाऊन ३८४. असे हजार दिवस भरले की होतात ३,८४,००० किलोमीटर, आणि पृथ्वीपासून चंद्राचं सरासरी अंतर आहे सुमारे ३,८४,४०० किलोमीटर. एक रजा रद्द करून हजार एक दिवस भरले तर चंद्र उरतो सोळा किलोमीटरवर! साडेतीन-चार वर्षांच्या नोकरीत हे होतं. काकांची तेव्हा वीस वर्षं होऊन गेली होती.

अंतराचा स्वभावच असा, की ते फक्त वाढतं. गाडी पुढे जावो, मागे येवो, वळसे घेवो; स्कूटरच्या मीटरवरचा आकडा कधी उलटा फिरत नाही. रुळांच्या कडेला विजेच्या तारा पेलणारे जे खांब असतात, त्यांवरचे आकडे मात्र उलटे फिरतात. खांबावर '११५/२४' असं काही लिहिलेलं दिसलं, तर आपण सीएसएमटीपासून मोजलेल्या एकशे पंधराव्या किलोमीटरच्या आसपास आहोत. सकाळी हे आकडे उतरत जातात, संध्याकाळी चढत जातात. खांब तुमचं स्थान सांगतो, तुम्ही एकूण किती फिरलात याच्याशी त्याला देणंघेणं नाही. सुरुवातीचं आणि शेवटचं स्थान सरळ रेषेनं जोडायचं, ती रेषा किती लांब आणि कुठल्या दिशेला हे सांगायचं, की झालं विस्थापन. (शब्द जरा दुर्दैवी आहे. मराठी वाचकाला विस्थापन म्हटलं की आधी धरणग्रस्त आठवतात. पण पाठ्यपुस्तकांनी तो रुजवलाय, आता तोच चालवायचा.)

पुण्याहून मुंबईचं विस्थापन काढणं हा एक मजेदार उद्योग आहे. मुंबई पुण्याच्या पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे. पण गाडी काय करते? घाट उतरून कर्जतमार्गे कल्याणपर्यंत जाते, तोवर ती पुण्याच्या जवळजवळ ७८ किलोमीटर उत्तरेला आलेली असते. मग कल्याणहून ती नैर्ऋत्येला वळते आणि उत्तरेकडची त्यातली तेहेतीसेक किलोमीटरची कमाई परत करून टाकते. हाती उरतं ते उत्तरेला सुमारे ४५ आणि पश्चिमेला सुमारे ११० किलोमीटर. पायथागोरसला विचारलं तर तो सांगतो, सरळ रेषेत ११९ किलोमीटर. तिकिटाचे पैसे मात्र आपण १९२ चे भरतो.

इथेच चाल आणि वेग वेगळे होतात, जे आपण बोलताना सर्रास एक करतो. प्रवासाला सव्वातीन तास धरले तर सरासरी चाल ताशी ५९ किलोमीटर. सरासरी वेग मात्र ताशी ३७ किलोमीटरच्या आतबाहेर, आणि तोही दिशेसकट सांगायचा: पश्चिमेला, थोडा उत्तरेकडे कललेला. दिशा वगळली तर तो वेगच नव्हे. वळणावर चालकासमोरचा काटा जागचा हलत नाही, तरी दिशा बदलत असते, म्हणजे वेग बदलतोच. कपातला चहा एका बाजूला चढतो तेव्हा तो हेच सांगत असतो.

बोरघाटात तर गाडी कधीकाळी चक्क उलटी फिरायची. १८६३ मध्ये हा घाटमार्ग सुरू झाला तेव्हा वाटेत एक असं ठाणं होतं, जिथे गाडी नाकासमोर आत शिरायची, इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला लावायचे आणि गाडी आल्या अंगाला तोंड करून बाहेर पडायची. चढ मात्र पुढेच चालू! डोंगराच्या कड्यावर वळायला जागा नव्हती, म्हणून ही कसरत. पुढे १९२० च्या दशकाच्या अखेरीस नवे बोगदे झाले आणि ती संपली.

या घाटात रेल्वेनं अंतर मुद्दाम विकत घेतलंय. कर्जतहून वर लोणावळ्यापर्यंत उंचीचा फरक सुमारे साडेपाचशे मीटर. इथला सर्वांत तीव्र चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. पोलादी रुळावर पोलादी चाक. चढ जितका उभा, तितकी ते घसरण्याची भीती जास्त. एवढ्या चढावरही बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून ढकलायला जादा इंजिनं लावतात, ज्यांना सगळे 'बँकर' म्हणतात. आता साडेपाचशेला सदतिसानं गुणा. वर पोहोचायला किमान वीस किलोमीटर रूळ हवेत, आणि कर्जत ते लोणावळा प्रत्यक्षात २८ आहेत. वळणं, बोगदे, पूल, सगळा खटाटोप उभ्या साडेपाचशे मीटरच्या विस्थापनासाठी.

गंमत अशी, की गुरुत्वाकर्षण या वळणांकडे बघतही नाही. तुम्ही रेल्वेनं या, एक्स्प्रेस-वेनं या नाहीतर डोंगरातल्या पायवाटेनं चढा, तुमच्यासाठी त्याचं बिल एकच: वजन गुणिले उंचीतला फरक. साठ किलोच्या माणसाचं हे बिल सुमारे ३ लाख २३ हजार जूल भरतं. ऐकायला दणदणीत, पण आहाराच्या भाषेत जेमतेम ७७ किलोकॅलरी. कर्जतला खाल्लेला एक वडासुद्धा त्यात संपायचा नाही. शिवाय उतरताना गुरुत्वाकर्षण ते सगळं परत करतं. आधुनिक विद्युत इंजिनं घाट उतरताना त्यातली थोडी वीज वरच्या तारेत सोडतातसुद्धा.

घर्षण तसं नाही. ते प्रत्येक मीटरचा हिशेब ठेवतं, जातानाही घेतं आणि येतानाही. दिवसभरात गुरुत्वाकर्षणाचं देणंघेणं शून्यावर येतं. चाकं, ब्रेक आणि काकांची कंबर यांचं नाही.

राहता राहिलं ते 'शून्य'. ते कशाच्या तुलनेत, हेही विचारायला हवं. सकाळी सव्वासातला सुटलेली गाडी रात्री साडेआठच्या सुमारास परत येईपर्यंत पृथ्वी सूर्याभोवती, सेकंदाला जवळपास तीस किलोमीटर या चालीनं, चौदा लाख किलोमीटर पुढे गेलेली असते, पुणे स्टेशनासकट. सूर्याकडून पाहिलं तर काका अजिबात जागच्या जागी परत येत नाहीत.

हे सगळं मी त्यांना परतीच्या गाडीत सांगितलं. त्यांनी मान डोलावली. पुणे आलं, आम्ही उतरलो, आणि ते फलाटावर थबकले.

"सकाळी आपण पलीकडच्या फलाटावरून चढलो होतो ना?"

"हो."

"मग शून्य कसं? तीस-चाळीस मीटर तरी आहे," म्हणाले आणि खुशीत स्कूटर स्टँडकडे निघाले.