रस्त्यावरील मृत्यू आणि वाहनचालकाचे उत्तरदायित्व

काही वर्षांपूर्वी आमच्या वसतिगृहातील एका विद्यार्थ्याचे वडील कसालच्या रस्त्यावर डंपरखाली सापडून मृत्यू पावले. जलदानविधी आटोपण्यापूर्वीच डंपरमालकाची माणसे दारात आली. पन्नास हजार रुपये ठेवून, ‘आमची काही तक्रार नाही’ अशा कागदावर त्यांनी आईचा अंगठा घेतला. तो कागद तिने आम्हांस दाखविला, तेव्हा आम्ही पदवीधर शिक्षक त्याचा अर्थ सांगू शकलो नाही. ती उणीव आजही सलते, म्हणून हा लेख.

अशा मृत्यूनंतर दोन स्वतंत्र वाटा सुरू होतात. एक चालकाच्या शिक्षेची, दुसरी कुटुंबाच्या भरपाईची. एकीवर काहीही घडले, तरी दुसरी बंद होत नाही.

शिक्षेचे कलम बरेच जुने. निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्याबद्दलचे कलम ३०४-अ भारतीय दंडविधानात १८७० साली आले. तेव्हा मोटारगाडी जन्मासही आली नव्हती. कमाल शिक्षा दोन वर्षे, आणि तीच मर्यादा दीडशे वर्षांहून अधिक काळ टिकली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) ने ती पाच वर्षे व दंड अशी केली. अपघाताची खबर न देता पळून जाणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगणारे उपकलमही त्यात आहे. मात्र जानेवारी २०२४ मधील ट्रकचालकांच्या आंदोलनानंतर संहिता लागू करताना ते बाजूला ठेवण्यात आले. कलम १०६(१) चा गुन्हा जामीनपात्र आहे. चालक दुसऱ्या दिवशी गावात दिसला, म्हणजे प्रकरण मिटले असे नव्हे. हा खटला शासन चालविते आणि तो तडजोडयोग्य गुन्ह्यांत मोडत नाही. गावच्या बैठकीतील अंगठ्याने तो संपत नाही.

निष्काळजीपणा कोठे संपतो आणि सदोष मनुष्यवध कोठे सुरू होतो, हे कार्टर रोड खटल्यातून समजते. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर मद्यप्राशन केलेल्या तरुणाची भरधाव मोटार पदपथावर झोपलेल्या मजुरांवर गेली. ते त्याच रस्त्याचे काम करणारे होते. सात जण मृत्युमुखी पडले, आठ जखमी झाले. सत्र न्यायालयाने निष्काळजीपणा मानून सहा महिन्यांची कैद सुनावली. उच्च न्यायालयाने तो सदोष मनुष्यवध ठरवून तीन वर्षांची सक्तमजुरी दिली. नशेत, बेफाम वेगाने गाडी हाकणाऱ्यास परिणामाची जाणीव होती असे मानता येते, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये मान्य केले. तीन वर्षे अपुरी आहेत, असेही नमूद केले. पण शिक्षावाढीसाठी राज्याने अपीलच केले नव्हते! सात मजुरांसाठी ते कोणी करावयास हवे होते, हा प्रश्न आम्हांस पडतो. अशा जाणिवेने घडलेल्या मनुष्यवधास आजच्या कलम १०५ खाली दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

पालकांसाठी एक गोष्ट. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केल्यास मोटार वाहन कायद्यानुसार पालक किंवा वाहनमालक यांस तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजारांचा दंड होऊ शकतो. त्या मुलास पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही.

आता भरपाई. समजा, मृत व्यक्ती अडतीस वर्षांची, स्वतःचा व्यवसाय करणारी, मासिक मिळकत बारा हजार, मागे पत्नी व तीन मुले. सर्वोच्च न्यायालयाने २००९ व २०१७ च्या निर्णयांत घालून दिलेल्या रीतीप्रमाणे वार्षिक १,४४,००० रुपयांत भावी वाढीचे चाळीस टक्के मिळवावयाचे, स्वतःच्या खर्चाचा एक चतुर्थांश वजा करावयाचा, आणि उरलेल्या १,५१,२०० रुपयांस वयानुसार पंधराने गुणावयाचे. रक्कम होते २२,६८,०००. हे पैसे साधारणतः विमा कंपनी देते. वाहनाचा विमा नसेल, तर मालक. धडक देऊन पळालेले वाहन सापडलेच नाही, तरी मृताच्या वारसांस दोन लाखांची तरतूद आहे.

दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतो. अपघात मुंबईत घडला असला, तरी वारस मालवणात राहत असल्यास अर्ज आपल्या जिल्ह्यात करता येतो. प्रथम खबर, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, वाहनाच्या विम्याची प्रत आणि मिळकतीचा पुरावा जपून ठेवावा. वकिलाची फी परवडत नाही म्हणून थांबू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींस, तसेच स्त्रियांस, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी ओरोस येथील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे, आणि जाताना दिवस मोजावेत. २०१९ च्या दुरुस्तीने अर्जासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे.