थोडक्या आज्ञांचा कारागीर

लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात गणिताचा एक वर्ग रद्द झाला म्हणून एका विद्यार्थ्याने संगणकाचा अभ्यासक्रम निवडला; पुढे त्याच विषयाचे जगन्मान्य पाठ्यपुस्तक त्याच्या हातून लिहून झाले. घराण्यातील हा पहिलाच पदवीधर. डेव्हिड पॅटरसन १९७६ साली बर्कले येथे अध्यापनास लागले आणि ४० वर्षे तेथेच राहिले.

१९७९ साली रजा घेऊन ते डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीत गेले. कंपनीच्या 'व्हॅक्स' यंत्राला तीनशेच्या आसपास आज्ञा कळत. एकेक आज्ञा इतकी गुंतागुंतीची, की ती पार पाडण्यासाठी यंत्राच्या पोटात आणखी एक सूक्ष्म आज्ञावली ठेवावी लागे, आणि तीत चुका निघाल्या म्हणजे त्या दुरुस्त करीत बसावे लागे. उद्या एका चिपवर मावणारे संगणकही असेच बांधले गेले तर त्यांतील चुका दुरुस्त करण्याची सोय आधीच हवी, असा निबंध पॅटरसन यांनी लिहिला. तो नाकारला गेला. चिप बांधण्याची ही रीतच मूर्खपणाची, असा परीक्षकांचा अभिप्राय. दुसरा एखादा प्राध्यापक परीक्षकांवर रुसला असता. यांना मात्र वाटले, की त्यांचे म्हणणे बरोबरच आहे. मग मुळात इतक्या अवघड आज्ञा हव्यात कशाला?

कचेरीतील जाडजूड नियमपुस्तकाची जी गत, तीच येथे होती: रोजचे काम चार-दोन कलमांवर चाले, उरलेली पाने क्वचितच उलटली जात. साध्या आज्ञा थोड्याच ठेवाव्यात, त्या झपाट्याने पार पडाव्यात, आणि अवघड कामाची फोड आधीच भाषांतर करणाऱ्या प्रणालीने करावी, असा हा विचार. त्याला 'रिस्क' हे नाव बर्कलेतच मिळाले. कार्लो सेक्विन यांच्या सहकार्याने विद्यार्थ्यांनी वर्गातील अभ्यास म्हणून जी चिप आखली, तीत ४४,४२० ट्रान्झिस्टर होते. त्या वेळच्या मोटोरोला ६८००० मध्ये सुमारे ६८,०००. व्यवसायातील जाणत्यांना हे पोरखेळासारखे वाटले, आणि वाद दशकभर चालला.

कल्पनेचे सगळे श्रेय मात्र बर्कलेला देता येणार नाही. आयबीएममध्ये जॉन कॉक यांनी ती आधीच सिद्ध केली होती. परंतु ती बराच काळ कंपनीच्या भिंतींआड राहिली. पॅटरसन यांनी आपले काम निबंधांतून उघड मांडले. इंग्लंडमधील एकॉर्न कंपनीच्या अभियंत्यांनी ते निबंध वाचले आणि १९८५ साली 'आर्म' ही चिप तयार केली. आज बहुतेक मोबाइल दूरध्वनींत तिचेच वंशज आहेत.

स्टॅनफर्डचे जॉन हेनेसी याच वाटेने चालले होते. प्रतिस्पर्धी म्हणून भांडण्याऐवजी दोघांनी १९९० साली मिळून पाठ्यपुस्तक लिहिले. कोणते यंत्र चांगले, याचा निवाडा वक्तृत्वाने नव्हे तर मोजमापाने करावा, हा त्याचा आग्रह. २०१७ सालचे ट्युरिंग पारितोषिकही दोघांना विभागून मिळाले.

२०१० साली बर्कलेत क्रस्टे असानोविच आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पॅटरसन यांच्या साथीने 'रिस्क-फाइव्ह' हा नवा आज्ञासंच आखला आणि तो कोणालाही विनामूल्य वापरू दिला. मद्रास आयआयटीतील 'शक्ती' ही चिप त्याच आज्ञासंचावर उभी आहे. त्यासाठी कोणत्याही परदेशी कंपनीकडे परवाना मागावा लागला नाही.