नाव कोणाचे, किल्ली कोणाकडे?

पिंपळनेरच्या एखाद्या किराणा दुकानात उधारीवर साखर घेतली, की दुकानदार वहीत नाव लिहितो आणि विषय संपतो. तो ओळखपत्र मागत नाही, कारण तो आपल्यालाच काय, आपल्या वडिलांनाही ओळखत असतो. महाजालावरच्या संकेतस्थळाची गोष्ट वेगळी. समोर कोण बसले आहे, हे त्याला दिसत नाही. म्हणून ते दोन प्रश्न विचारते. तुमचे नाव काय, आणि ते तुमचेच कशावरून? पहिल्याचे उत्तर म्हणजे सदस्यनाम आणि दुसऱ्याचे उत्तर म्हणजे परवलीचा शब्द, अर्थात पासवर्ड. या सवालजवाबालाच लॉगिन म्हणतात.

आपण हे रोज करतो, पण सोय उभी करणाऱ्याच्या बाजूने क्वचितच पाहतो. समजा, पिंपळनेरच्या काही तरुण मंडळींनी अहिराणी शब्दांची एक नोंदवही महाजालावर उघडली. कोणीही यावे आणि आपल्या घरातला शब्द अर्थासह लिहावा. आंडोर म्हणजे मुलगा, आंडेर म्हणजे मुलगी, इथवर वाद नाही. पण साक्री तालुक्याच्या पश्चिम भागात एखादा शब्द ज्या अर्थाने चालतो, त्याच अर्थाने तो अमळनेरला चालेल असे नाही. एकाने लिहिलेला अर्थ दुसरा खोडतो आणि तिसरा येऊन काहीतरी वाह्यात लिहून जातो. अशा वेळी शब्दाइतकेच तो कोणी लिहिला याला महत्त्व येते. दार उघडे ठेवायचे आणि तरी हिशेब राहिला पाहिजे, असा हा पेच आहे.

नेमका हाच पेच विकिपीडियाला पडला होता. १५ जानेवारी २००१ रोजी तो सुरू झाला, तेव्हा यूजमॉडविकी नावाच्या एका लहानशा मुक्त स्रोत आज्ञावलीवर चालत असे. मुक्त स्रोत म्हणजे जिचा आतला मजकूर कोणालाही वाचता, बदलता आणि वापरता येतो अशी. तिच्यात नाव ही केवळ आवडीनिवडीची बाब होती. परवलीचा शब्द ऐच्छिक होता. लिहिणारी मंडळी थोडी असताना ते चालून गेले. गर्दी वाढल्यावर मॅग्नस मान्स्के या कोलोन विद्यापीठात शिकणाऱ्या जर्मन तरुणाने पीएचपी भाषेत नवी आज्ञावली लिहिली आणि जानेवारी २००२ मध्ये इंग्रजी विकिपीडिया तिच्यावर गेला. पुढे त्याच वर्षी ली डॅनियल क्रॉकर यांनी ती पुन्हा नव्याने लिहिली. तीच आजची मीडियाविकी. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला, तो या सोयी तयार झाल्यानंतर.

खाते आले म्हणजे केवळ दाराला कुलूप आले असे नव्हे. मीडियाविकीत वाचायला लॉगिन लागत नाही आणि मूळ रचनेत लिहायलाही लागत नाही. खात्यामुळे काय झाले, तर एका माणसाने केलेले सारे बदल एका यादीत दिसू लागले, आपल्या आवडीच्या पानांवर लक्ष ठेवता येऊ लागले आणि खोडसाळ माणसाला अडवायचे तर सगळ्यांना न अडवता फक्त त्याला अडवता येऊ लागले. माझ्या मते लॉगिनचे खरे काम हेच आहे. कुलूप हा शब्द आपण उगाच वापरतो. तो हजेरीपट आहे.

आता परवलीच्या शब्दाकडे येऊ. संकेतस्थळ तो कुठे लिहून ठेवते? चांगले संकेतस्थळ तो लिहून ठेवतच नाही. आपल्या खानदेशात कळण्याची भाकरी करतात. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून आणतात, काही घरी त्यात खडे मीठही घालतात. एकदा पीठ झाले, की त्यातून पुन्हा ज्वारीचा दाणा वेगळा काढता येत नाही. परवलीच्या शब्दाचे तसेच करतात. गणिती चक्कीतून तो दळतात आणि फक्त पीठ साठवतात. पुढच्या वेळी तुम्ही शब्द टाइप केला, की तो पुन्हा दळायचा आणि जुन्या पिठाशी ताडून पाहायचा. जुळले, तर दार उघडते. गंमत म्हणजे या धंद्यात मीठ हाच शब्द वापरतात. प्रत्येक खात्यासाठी वेगळी, वाटेल तशी अक्षरे दळणात मिसळतात, त्यामुळे दोघांचा परवलीचा शब्द एकच असला तरी पीठ वेगळे निघते.

चक्की मात्र फार वेगवान असून चालत नाही. चोराच्या हाती पिठाचे डबे लागले, तर तो शब्दकोशातला एकेक शब्द दळून जुळवत बसतो. जुन्या रीतीत हे काम भराभर होई. म्हणून मीडियाविकीने २०१४ सालच्या आवृत्तीपासून मुद्दाम हळू दळणारी रीत घेतली. आपल्याला क्षणभर थांबावे लागते, चोराला मात्र कोट्यवधी वेळा थांबावे लागते. यावरून वाचकांना एक साधी परीक्षा करता येईल. ‘शब्द विसरलो’ असे कळवल्यावर एखाद्या संकेतस्थळाने तुमचा जुनाच शब्द जसाच्या तसा मेलवर पाठवला, तर तिथे पीठ नाही, दाणेच साठवलेले आहेत असे समजावे. चांगल्या व्यवस्थेत तात्पुरती वाट मिळते आणि नवा शब्द ठरवायला सांगतात.

दार उघडले तरी काम संपत नाही. महाजालाचा पत्रव्यवहार विसरभोळा आहे. तुम्ही एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलात, की मागचे सारे तो विसरतो. पूर्वी बँकेत पैसे काढताना पितळी टोकन देत, तसे लॉगिन झाल्यावर संकेतस्थळ तुमच्या ब्राउझरला एक लांबलचक आकडा देते. त्याला कुकी म्हणतात. पुढे प्रत्येक पानावर तो आकडा दाखवला जातो. ज्याच्या हाती टोकन, त्याला पैसे. म्हणून सायबर कॅफेत किंवा दुसऱ्याच्या संगणकावर काम झाल्यावर बाहेर पडण्याची कळ दाबायची असते. नुसती खिडकी बंद केली, तर टोकन बाकावरच राहण्याचा धोका असतो.

मराठीत आणखी एक भानगड आहे. बऱ्हाटे हे आडनाव घ्या. यातला अर्धा ‘र’ दोन रीतींनी टाइप करता येतो. एक रीत ‘ऱ’ या अक्षरापासून निघते, तर दुसरी साध्या ‘र’ला हलन्त आणि एक न दिसणारे जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, संगणकाच्या लेखी मात्र ती दोन वेगळी नावे आहेत. म्हणजे एका बऱ्हाटेंच्या नावाने दुसरे बऱ्हाटे उभे राहू शकतात. विकिपीडियावर सारख्या दिसणाऱ्या नावांना अडवण्यासाठी वेगळे जोडसाधन बसवलेले आहे, पण देवनागरीतली नोंदवही उघडणाऱ्याने या अक्षराची परीक्षा स्वतः घ्यावी. इंग्रजीत विचार करून लिहिलेल्या आज्ञावलीला हे सुचण्याचे कारण नाही.

नावांचा गोंधळ उशिरा सोडवायला गेले, तर किती महाग पडतो, हेही विकिपीडियानेच दाखवले. सुरुवातीला प्रत्येक भाषेच्या विकिपीडियावर खाते वेगळे असे. मराठीवरचा एखादा सदस्य आणि हिंदीवरचा त्याच नावाचा सदस्य ही दोन निराळी माणसे असू शकत. सर्वत्र एकच खाते ही सोय २००८ मध्ये सर्वांना खुली झाली, पण उरलेली भांडणारी नावे बदलून तो हिशेब पुरा व्हायला एप्रिल २०१५ उजाडला. आपल्या शब्दवहीला उद्या गाण्यांची वही जोडायची असेल, तर खाते एकच ठेवण्याचा विचार आजच करावा.

मग अधिकार. मीडियाविकीत साधा सदस्य, पान पुसू शकणारा आणि सदस्याला अडवू शकणारा प्रचालक, आणि प्रचालक नेमणारा स्वीकृती अधिकारी, अशा पायऱ्या आहेत. प्रचालकाने कोणते पान पुसले, कोणाला अडवले, याची नोंद राहते. आपल्याकडे नेमके उलटे घडते. कार्यालयात एकच खाते, परवलीचा शब्द संगणकाच्या पडद्याला चिकटवलेला आणि सगळे त्यावरच काम करतात. सेवा केंद्रात फॉर्म भरून देणाऱ्याच्या वहीत गिऱ्हाइकांचे परवलीचे शब्द मोबाइल क्रमांकासह लिहिलेले असतात. तो मुलगा प्रामाणिक असेलही. पण त्या वहीतल्या शब्दाने कोणी अर्ज मागे घेतला, तर संगणकाची नोंद सांगेल की अर्जदारानेच घेतला. ते खोटे कसे ठरवणार? जिची किल्ली दहा जणांकडे आहे, त्या हजेरीपटाला काही किंमत उरत नाही.

खाते उघडताना काय मागावे, हाही तारतम्याचा प्रश्न आहे. मीडियाविकी नाव आणि परवलीचा शब्द मागते. ईमेल ऐच्छिक असतो, मात्र तो दिला नाही तर शब्द विसरल्यावर परत येणे अवघड. मोबाइल नाही, आधार नाही, जन्मतारीख नाही. भारतात २०२३ साली वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा झाला, त्याचाही रोख असाच आहे: कामापुरतेच मागा. जे घेतलेच नाही, ते चोरीला जात नाही. पूर्वी लॉगिन न करता लिहिणाऱ्याचा आयपी पत्ता सगळ्यांना दिसे. त्याऐवजी तात्पुरते खाते देण्याची पद्धत विकिपीडियावर २०२४ पासून टप्प्याटप्प्याने आली.

आज्ञावलीचा मजकूर उघडा असेल, तर चोरालाही तो वाचता येईल ना, असे लोक विचारतात. येईल. पण कुलपाची बनावट ठाऊक असणे वेगळे आणि तुमची किल्ली असणे वेगळे. ऑग्यूस्त केर्कहॉफ्स यांनी १८८३ सालीच लष्करी गुप्तलिपीबद्दल लिहिताना सांगितले होते, की यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी अडचण होता कामा नये. अनेकांनी वाचलेल्या मजकुरातली चूक सापडण्याचा संभव अधिक. ती सापडल्यावर दुरुस्त आवृत्ती बसवण्याचे काम मात्र आपलेच असते, आणि गाडी अडते ती तिथेच. उत्साहाने स्वतःचे लॉगिन लिहायला बसणाऱ्यांना माझे सांगणे आहे, की तो नाद सोडा. दहा वर्षे मार खाल्लेली आज्ञावली घ्या आणि ती ताजी ठेवा.

शेवटी खाते बंद करणे. बँकेत शिल्लक काढून खाते बंद करता येते. मीडियाविकीत सदस्य निघून गेला तरी खाते पुसले जात नाही, कारण त्याने लिहिलेला प्रत्येक शब्द त्याच्या नावावर नोंदलेला असतो आणि त्या लेखनाचा परवानाही श्रेय देण्याच्या अटीवर दिलेला असतो. नाव नको असेल, तर ते बदलून मिळते आणि लेखन मागे राहते. प्रचालक गावाबाहेर नोकरीला गेला, तर त्याचे अधिकार काढायचे, खाते ठेवायचे. एखाद्या आजीने सांगितलेले शब्द नातवाने तिच्या नावाचे खाते उघडून नोंदवले असतील, तर आजीच्या माघारीही ते तिच्याच यादीत दिसतील. मात्र तिचा परवलीचा शब्द नातवाकडे आहे, हे तिथे कोणाला दिसणार नाही. म्हणून नातवाने आपल्याच नावाने खाते उघडावे आणि शब्द आजीने सांगितला, असे नोंदीत लिहावे.