ताग, वेळापत्रक आणि आकाश

हावड्याच्या बाजूचा हुगळीकाठ दोन गोष्टींवर वाढला: रेल्वे आणि ताग. या दोन्हींचा खगोलशास्त्राच्या उपकरणांशी काही संबंध असेल, असे सहसा कुणाच्या मनात येणार नाही. पण पूल ओलांडून पलीकडे गेले, की प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बसूंनी १८९५च्या सुमारास मांडलेले प्रयोग भेटतात आणि त्यात रेल्वेचे वेळापत्रकही असते, तागही असतो. दुर्बीण म्हणजे मोठे भिंग किंवा मोठा आरसा, ही आपली समजूत अर्धीच खरी आहे. जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या पठारावर ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या दिसतात, पण त्या आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी नुसत्या गोळा करतात. ऐकण्याचे काम तबकडीच्या नाभीपाशी बसवलेला ग्राहक करतो. लहर धरायची, तिची दिशा ओळखायची, ती कमीजास्त करायची, ही या ग्राहकाची कामे बसूंनी कोलकात्यात हाताने करून पाहिली होती. म्हणून वेधसाधनांच्या इतिहासात त्यांचे नाव दुर्बीणकारांच्या पंगतीत घ्यायला हवे, असे मला वाटते.

जर्मन शास्त्रज्ञ हर्ट्झने प्रयोगशाळेत निर्माण केलेल्या रेडिओ लहरी लांब होत्या, खोलीत मावेनाशा. बसूंनी त्या पाच मिलिमीटरपर्यंत आखूड केल्या, त्यामुळे सगळा प्रयोग एका टेबलावर आला. लहर आत घेण्यासाठी त्यांनी धातूच्या पत्र्याचा चौकोनी कर्णा केला आणि ती ओळखण्यासाठी गॅलेना या शिशाच्या खनिजाचा स्फटिक वापरला. त्या शोधकाचे अमेरिकी पेटंट त्यांना १९०४ मध्ये मिळाले. लहर कोणत्या प्रतलात हेलकावते, म्हणजे तिचे ध्रुवण कसे आहे, हे पाहायला त्यांनी घेतले ब्रॅडशॉचे रेल्वे वेळापत्रक. पानापानांत कथलाचा पातळ वर्ख घातला. पुस्तक एका बाजूने धरले, की लहर आरपार जाई आणि तेच काटकोनात फिरवले, की अडे. वर्खाच्या दोन थरांमधली फट लहरीच्या मानाने इतकी अरुंद, की थरांना समांतर हेलकावणाऱ्या लहरीला आत वाटच उरत नाही. वर्ख नसलेले साधे पुस्तकही थोडाफार हाच परिणाम दाखवते, हेही त्यांनी दाखवून दिले. मग आला ताग. साखरेचे द्रावण प्रकाशाचे ध्रुवण फिरवते. त्यामागे रेणूंचा पीळ असेल, तर मोठ्या लहरीला मोठा पीळ द्यायला हवा, असा त्यांचा विचार. त्यांनी तागाच्या जुड्या पिळल्या, काही उजव्या, काही डाव्या. पिळाची दिशा बदलली, की ध्रुवण फिरण्याची दिशाही बदलली. हे १८९८ मध्ये छापून आले.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. बसूंनी या साधनांनी आकाश कधी पाहिले नाही आणि पुढे त्यांचे मन वनस्पतींकडे वळले. कर्ण्यासारखी साधने मधल्या काळात विसरली गेली आणि १९३०च्या दशकात इतरांनी ती नव्याने शोधली. मग वारसा कसला? सरळ वंशावळ मांडता येत नाही, हे मान्यच करायला हवे. पण एक धागा पक्का आहे. अमेरिकेतल्या किट पीकच्या १२ मीटर दुर्बिणीसाठी १९९०च्या दशकात १.३ मिलिमीटर लहरींचा ग्राहक बांधला गेला आणि त्याच्या रचनेत बसूंच्या १८९७च्या लेखनातल्या कल्पना घेतल्या, असे तिथल्याच खगोलशास्त्रज्ञाने लिहून ठेवले आहे. याच किट पीकवर १९७० मध्ये मृगातल्या तेजोमेघाकडून आलेली कार्बन मोनॉक्साइडची २.६ मिलिमीटरची लहर सापडली. तारे जिथे जन्मतात ते थंड, काळे वायुमेघ त्यामुळे हाती आले.

दुसरा आक्षेप असा, की ताग नि पुस्तक ही गरिबीतली युक्ती झाली. आजचे वेध कोट्यवधींच्या अचूक यंत्रांनी घेतले जातात, तिथे हिचा काय पाड? मला हा आक्षेप उलटा वाटतो. अचूकता किती हवी हे पैसा ठरवत नाही, लहर ठरवते. १.३ मिलिमीटरच्या लहरीला तबकडीचा पृष्ठभाग काही शतांश मिलिमीटरपर्यंत नेमका लागतो, तिथे खर्चाला पर्यायच नाही. खोडदच्या दुर्बिणी मात्र २१ सेंटिमीटर आणि त्याहून लांब लहरींच्या. अशा लहरीला एकदोन सेंटिमीटरची भोके दिसतच नाहीत. म्हणून या दुर्बिणींचे शिल्पकार गोविंद स्वरूप यांनी तबकडीला भरीव पत्रा लावला नाही. पोलादी तारांच्या दोरांवर बारीक तारेची जाळी ताणली. तबकडी हलकी झाली, वारा जाळीतून निघून गेला आणि अशा ३० तबकड्या भारतात उभ्या राहू शकल्या. लहरीला नेमके काय लागते हे आधी ओळखायचे आणि मग वस्तू निवडायची, ही रीत वेळापत्रकात वर्ख घालणाऱ्या हाताचीच. तिला जुगाड म्हणणे हा त्या विचारावर अन्याय आहे.

एम ८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराची प्रतिमा २०१९ मध्ये जगाने पाहिली, तीही १.३ मिलिमीटरच्याच लहरींतून. दोन वर्षांनी, मार्च २०२१ मध्ये, तीच निरीक्षणे ध्रुवणाच्या अंगाने मांडली गेली. तेजस्वी कड्यावर पिळदार रेघा उमटल्या आणि विवराच्या काठावरच्या चुंबकीय क्षेत्राचा आकार कळला. साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवरून आलेल्या लहरीला तिथे विचारलेला प्रश्न होता, ती कोणत्या प्रतलात हेलकावते. कोलकात्यात तोच प्रश्न ब्रॅडशॉचे पुस्तक काटकोनात फिरवून विचारला गेला होता.