आखूड शस्त्रे, जोडशस्त्रे आणि विनय

बीड जिल्ह्यातील आमचे तरुण उपासक एक प्रश्न वारंवार विचारतात. चिनी चित्रपटांत भिक्खू दोन्ही हातांत तलवारी फिरविताना दिसतात. ही विद्या भारतातून बोधिधर्मांनी तिकडे नेली, हे खरे काय? प्रश्नामागील अभिमान आम्ही समजू शकतो. तथापि अभिमानासाठी इतिहासास मुरड घालणे आपल्या परंपरेस शोभणारे नाही. म्हणून प्रथम शस्त्रे पाहू, नंतर विनय.

चिनी युद्धकलेत लांब, आखूड, जोड आणि लवचीक असे शस्त्रांचे भेद करतात. काठी व भाला ही लांब शस्त्रे. आखूड शस्त्रांत दोन प्रमुख होत : 'दाओ' म्हणजे एका बाजूस धार असलेली, किंचित बाकदार तलवार, आणि 'ज्येन' म्हणजे दोन्ही बाजूंस धार असलेली सरळ तलवार. आखूड शस्त्र धारण करणाऱ्यास प्रतिस्पर्ध्याच्या निकट जावेच लागते. त्यामुळे त्याची भिस्त मनगटाइतकीच पावलांवर असते. जोडशस्त्र म्हणजे केवळ दुप्पट शस्त्र नव्हे. एक हात वार अडवितो वा बाजूस सारतो, त्याच क्षणी दुसरा प्रहार करतो. पुढच्या क्षणी दोघांची कामे पालटतात. आकडी तलवारींच्या जोडीत पात्याचे टोक अंकुशासारखे वळलेले असते, ते शत्रूचे शस्त्र अडकविण्यासाठी. दक्षिण चीनमधील फुलपाखरी सुऱ्यांची जोडी तर एकाच म्यानात बसते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कँटन परिसरातील लोकपथकांकडे जोडतलवारी होत्या.

हे तत्त्व आपणांस अपरिचित नाही. मर्दानी खेळातील फरी-गदग्यात एका हाती छडी व दुसऱ्या हाती लहान ढाल असते. हरणाच्या दोन शिंगांची टोके विरुद्ध दिशांना ठेवून बनविलेला माडू वार अडवितो आणि भोसकतोही. दोन हातांना दोन कामे देण्याची कल्पना कोणा एका देशाची मिरास नव्हे.

आता शाओलिन. उत्तर वेई सम्राट श्याओवेन याने इ. स. ४९५ च्या सुमारास हा विहार भारतीय भिक्खू बातुओ यांच्यासाठी स्थापिला, बोधिधर्मांसाठी नव्हे. ६२१ मध्ये तेथील भिक्खूंनी पुढे तांग सम्राट झालेल्या ली शिमिन यास युद्धात साहाय्य केले, याची साक्ष विहारातील ७२८ चा शिलालेख देतो. बोधिधर्मांचा व्यायामविद्येशी संबंध जोडणारा 'यीजिन जिंग' हा ग्रंथ मात्र सतराव्या शतकातील असून त्याच्या प्राचीनतेची ग्वाही देणाऱ्या प्रस्तावना बनावट आहेत. शिवाय मिंग काळात शाओलिनची कीर्ती जोडतलवारींमुळे नव्हती. ती काठीमुळे होती.

काठीच का, याचे एकच उत्तर देता येत नाही. परंतु विनयातील सेखिय नियम येथे उद्बोधक आहेत. हाती दंड, शस्त्र वा आयुध असलेल्या निरोगी माणसास भिक्खूने धम्म सांगू नये, असे तीन स्वतंत्र नियम आहेत. त्यांवरील पदभाजनीय तपशिलात शिरते. मध्यम उंचीच्या पुरुषाच्या चार हात लांबीचा तो दंड. त्याहून लांब वा आखूड असल्यास तो दंड नव्हे. एकधारी वा दुधारी प्रहारसाधन ते 'सत्थ'. धनुष्य ते 'आवुध'. एकधारी-दुधारी हा जो भेद चिनी माणूस दाओ व ज्येन यांत करतो, तो पालीत अगोदरच नोंदलेला आहे! नियम भिक्खूस आहे, शस्त्रधाऱ्यास नाही. त्याला बहिष्कृत केलेले नाही. हातातले खाली ठेवून त्याने ऐकावे, एवढेच.

येथे आपल्या समाजाचा प्रश्न वेगळा होतो. जे हाती येऊच दिले नाही, ते खाली काय ठेवणार? चातुर्वर्ण्याने खालच्या वर्णांना शस्त्र नाकारले, नांगराच्या फाळाची तलवार करू दिली नाही, म्हणून ते बंड करू शकले नाहीत, असे बाबासाहेबांनी १९३६ च्या 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये मांडले. त्यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' यात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला, तोही याच्याशी जोडून वाचावा. विहाराच्या अंगणात लाठी शिकणाऱ्या मुलामुलींना आम्ही म्हणूनच अडवीत नाही. चित्रपटातील जोडतलवारींऐवजी त्यांनी चार हातांच्या दंडापासून आरंभ करावा, एवढे सुचवितो.

आपल्या जिल्ह्यात एकधारी पाते हजारो हातांत आहेच. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीस पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जाणाऱ्या पतिपत्नींच्या जोडीस मुकादमाच्या हिशेबात 'एक कोयता' म्हणतात. एकटे माणूस असल्यास 'अर्धा कोयता'. उचल दिली जाते ती या कोयत्यावर.